दरियागंजची झीनत-उल-मसाजिद आणि तिचं मराठी कनेक्शन

जुन्या दिल्लीत गेलं की सगळे जामा मशिदीला जातात, फोटो काढतात, खाऊन पिऊन परत. तिथून जवळच दरियागंजात तशीच लाल दगडाची, तीन घुमटांची झीनत-उल-मसाजिद आहे, लोकल लोक तिला घटा मशीद म्हणतात, तिकडे टूरिस्ट क्वचितच फिरकतात. खरं तर मराठी माणसाने आधी हीच बघावी असं माझं मत.

ही बांधली औरंगजेबाच्या मुलीने, झीनत-उन-निसाने, 1707 च्या आसपास. बाई आयुष्यभर अविवाहित राहिली, आणि लग्नासाठीचा पैसा वडिलांकडून मागून घेऊन मशीद बांधली असं सांगतात, खरंखोटं देव जाणे. तिची आई दिलरस बानू, म्हणजे संभाजीनगरचा बीबी का मकबरा जिचा आहे ती. औरंगजेब दख्खनेत उतरला तो परत दिल्लीला गेलाच नाही, आणि शेवटपर्यंत त्याच्या छावणीत जनान्याचा कारभार बघायला ही मुलगी होती.

आता आपला धागा. 1689 मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर झुल्फिकारखानाने रायगड घेतला आणि येसूबाई आणि छोटे शाहू, तेव्हा जेमतेम सात वर्षांचे, मुघलांच्या कैदेत गेले. छावणीत त्यांची काळजी घेतली ती याच झीनतने. शाहूंवर तिचा जीव होता हे आपल्याकडच्या इतिहासात बऱ्याच ठिकाणी येतं, पण म्हणून कैद काय पिकनिक नव्हती, ओलीस ते ओलीसच. शाहू सुटले 1707 ला, बादशहा गेल्यावर, आणि येसूबाई तर थेट 1719 ला.

झीनत 1721 मध्ये वारली, तिला याच मशिदीत पुरलं. तेव्हा यमुना मशिदीच्या अगदी जवळून वाहायची, आता ती पूर्वेला सरकलीय आणि मधे रिंगरोडची ट्रॅफिक.

1857 नंतर इंग्रजांनी दिल्लीवर जो सूड उगवला त्यात हिचाही नंबर लागला. कबर काढून टाकली आणि मशिदीत चक्क बेकरी थाटली! जामा मशीद 1862 मध्ये परत मिळाली, हिला मात्र लॉर्ड कर्झनच्या काळापर्यंत थांबावं लागलं. आता रोज नमाज होते, कबर मात्र गेली ती गेलीच.