पुण्यातील मानसिक आरोग्य, आघात व व्यसनोपचार प्रशिक्षण

मनोविकार, मानसिक आघात आणि व्यसन यांवर उपचार करणारी माणसे घडवण्याची पुण्यातील व्यवस्था. तिच्यात मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोसामाजिक कार्यकर्ते, परिचारिका आणि समुपदेशक येतात. त्याखेरीज स्वतः व्यसनातून बाहेर पडून याच कामाला लागलेले कार्यकर्तेही येतात, आणि पुण्याच्या बाबतीत त्यांना वगळून ही नोंद पुरी होत नाही.

या शिक्षणाचे एक आवार नाही. औषधोपचार शिकायचे तर ससून रुग्णालयाच्या छायेतले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय किंवा वानवडीचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, चाचण्या आणि निदान शिकायचे तर महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था, सामाजिक कार्य शिकायचे तर कर्वेनगरची कर्वे समाज सेवा संस्था, आणि समोर बसलेल्या दारुड्या माणसाशी बोलायचे कसे हे शिकायचे तर येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, अशी ती शहरभर पांगलेली आहे. या ठिकाणांची आपसात ओळख आहे, पण अभ्यासक्रम कोणी कोणाशी जुळवून बांधलेला नाही.

पदवीची वाट

मानसोपचारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर असतो. एमबीबीएसनंतर ३ वर्षांचे एमडी. डॉक्टर असल्यामुळे औषध लिहून देण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. पुण्यात हे शिक्षण बी. जे., १९४८ साली स्थापन झालेले सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि भारती विद्यापीठ, डी. वाय. पाटील यांसारख्या खासगी संस्थांत मिळते. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय ही राज्यातली सर्वांत मोठी अशी जागा. तिथे अडीच हजारांच्या आसपास खाटा मंजूर आहेत. वर्षानुवर्षे आत राहिलेला, घरच्यांनी पत्ता बदललेला रुग्ण पाठ्यपुस्तकात भेटत नाही, तो इथे भेटतो.

सायकॉलॉजिस्टची वाट वेगळी. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले आणि पाठोपाठ मानसशास्त्र विभागही उभा राहिला. पण तिथली एमए पदवी ही उपचाराचा परवाना नव्हे, हे विद्यार्थ्यांच्या पालकांना अजूनही सांगावे लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला, देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामाचा अभ्यासक्रम पुरा करून परिषदेकडे नोंदणी करावी लागते. परिषदेला वैधानिक दर्जा १९९२ च्या कायद्याने मिळाला. अनेक वर्षे हा अभ्यासक्रम म्हणजे २ वर्षांचे पूर्णवेळ एमफिल. ससूनच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था हे त्याचे पुण्यातले सरकारी ठिकाण. मनोसामाजिक कार्य आणि मनोरुग्ण परिचर्या यांचे शिक्षणही तिथे होते. नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल ही पदवीच मोडीत निघाली आणि या विषयापुरती तिला मुदतवाढ देत देत काम चालवावे लागले. दरम्यान परिषदेने पदवीपासूनचे नवे अभ्यासक्रम आणले. आज बारावीनंतर या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलाला कोणती पायरी कुठे नेते हे एका दमात सांगणे शिक्षकांनाही अवघड जाते.

कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून सामाजिक कार्य शिकवते. तिथल्या एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासूनच क्षेत्रकार्याला जावे लागते, मग ते रुग्णालय असो, वस्ती असो वा कुटुंब न्यायालय. सकाळी वर्गात ऐकलेले दुपारी वस्तीत लागू पडत नाही, हा धडा त्याला लवकर मिळतो. सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीची स्थापना १९६२ साली मानसशास्त्रज्ञ असलेल्या आप्पा पेंडसे यांनी केली. तिची प्रज्ञा मानस संशोधिका चाचण्या तयार करते आणि समुपदेशनाचे वर्ग चालवते. शाळांमधून काम करणारे बरेच समुपदेशक या वाटेने आलेले आहेत.

अनुभवाची वाट : मुक्तांगण

ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत आणि झोपडपट्ट्यांत एकाच वेळी शिरली. लेखक अनिल अवचट यांनी तिच्यावर लेखमाला लिहिली. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अनिता अवचट १९९७ साली गेल्या. नंतर केंद्राची धुरा त्यांच्या मानसशास्त्रज्ञ कन्या मुक्ता पुणतांबेकर यांच्याकडे आली.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने मुक्तांगणचे महत्त्व एका निर्णयात आहे. बरे झालेल्या माणसांतूनच त्यांनी कार्यकर्ते घडवले. आलेल्याला तिथे रुग्ण न म्हणता रुग्णमित्र म्हणतात. निवासी उपचार साधारण ३५ दिवसांचे. त्यानंतर गावोगावच्या फॉलोअप केंद्रांवर यायचे. व्यसनमुक्त राहिलेला माणूस आधी वॉर्डातली कामे करतो, मग गटात बोलू लागतो, मग दुसऱ्याचे ऐकू लागतो, आणि पुढे समुपदेशक होतो. ज्याने स्वतः 'टर्की' सोसलेली आहे, त्याच्यासमोर थापा फार वेळ टिकत नाहीत. गर्द न मिळाल्याने अंग मोडून येणे, नाक-डोळे वाहणे, पोटात मुरडा, रात्र रात्र झोप नसणे, या सगळ्याला व्यसनी मंडळी टर्की म्हणतात. डॉक्टर त्यासाठी मोजपट्टी वापरतो, वॉर्डातला जुना कार्यकर्ता चेहऱ्यावरून सांगतो. दोन्ही लागतात.

या पद्धतीची मुळे १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारुड्यांच्या स्व-मदत संघटनेत आहेत. बारा पायऱ्या, शेअरिंग आणि 'फक्त आजचा दिवस' हे पुण्यातल्या सभांमध्ये मराठीत इतके रुळले आहे की ते बाहेरून आले हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मुक्तांगणने त्यात घरच्यांना ओढले. व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे आणि व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने मुक्तांगणला प्रादेशिक संसाधन व प्रशिक्षण केंद्राचा दर्जा दिला. त्यामुळे इतर व्यसनमुक्ती केंद्रांचे कर्मचारी शिकायला येरवड्याला येऊ लागले.

व्यसनोपचारात काय शिकवतात

सुरुवात केस हिस्ट्रीने होते, आणि नवशिका इथेच पहिल्यांदा अडखळतो. 'किती घेता?' या प्रश्नाला ठरलेले उत्तर येते, 'जास्त नाही, एखादी क्वार्टर.' नवशिका तेवढेच लिहून पुढे जातो. जाणता शिक्षक त्याला थांबवून हिशोब मांडायला लावतो. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के. म्हणजे सुमारे ७७ मिलिलिटर, वजनात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १० ग्रॅमचे एक प्रमाणित पेय धरले तर ही 'एखादी' सहा पेये होतात. मग पुढचे प्रश्न. सकाळी हात थरथरतात का? शेवटची कधी घेतली? याआधी बंद केली तेव्हा फिट आली होती का?

शेवटच्या दोन प्रश्नांवर जीव अवलंबून असतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले की दोन-तीन दिवसांनी त्याला भ्रम, भास आणि कंप होऊ शकतो, त्यातून मृत्यूही येऊ शकतो. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरी देखरेख, शामक औषधे आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, हवेच. थायमिन ग्लुकोजच्या आधी द्यायचे, हे परिचारिकांकडून घोकून घेतात. गर्द बंद केल्यावर त्रास भयंकर होतो, पण सहसा जीव जात नाही. दारूचे उलट आहे. हा फरक बिगरवैद्यकीय समुपदेशकालाही पक्का ठाऊक असावा लागतो, कारण घरच्यांचा रात्रीचा फोन त्यालाच येतो.

त्यानंतरचे शिक्षण बोलण्याचे. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी रुजवलेली प्रेरणात्मक मुलाखत, म्हणजे उपदेश न करता सोडण्याची इच्छा समोरच्याच्याच तोंडून यावी असे बोलणे, सध्या सगळीकडे शिकवतात. तिचा सराव तिघातिघांचे गट करून होतो. एकजण पेशंट, दुसरा समुपदेशक, तिसरा नुसते पाहणारा. समुपदेशक झालेला विद्यार्थी दुसऱ्याच मिनिटाला उपदेशावर येतो, 'अहो, मुलांकडे बघून तरी सोडा.' पेशंट झालेला लगेच हाताची घडी घालतो. तिसऱ्याने तेवढेच टिपायचे. मग पुन्हा पहिल्यापासून, 'सोडावीशी वाटली होती का कधी? तेव्हा काय झालं होतं?' कीर्तन-प्रवचनाच्या संस्कारात वाढलेल्यांना गप्प बसणे सर्वांत जड जाते, असे या वर्गांत थट्टेने म्हटले जाते, आणि ते फारसे खोटे नाही.

महाराष्ट्रातल्या प्रशिक्षणाचा आणखी एक विशेष म्हणजे अल्बर्ट एलिस यांची १९५५ पासूनची विवेकनिष्ठ उपचारपद्धती. किशोर फडके यांनी ती मुंबईहून मराठीत रुजवली, आणि पुण्यातल्या समुपदेशन वर्गांत 'मागणी' (असे झालेच पाहिजे) आणि 'पसंती' (असे झाले तर बरे) यांतला भेद आजही फळ्यावर मांडला जातो. ठाण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेचे आनंद नाडकर्णी यांचा मुक्तांगणशी जुना संबंध असल्याने हा विचार व्यसनोपचारातही आला.

आघात

आघातोपचाराचे शिक्षण या सर्वांत तरुण आणि सर्वांत विस्कळीत. आघातोत्तर ताणविकृती (पीटीएसडी) हे निदान अमेरिकन वर्गीकरणात १९८० साली आले. पानशेत १२ जुलै १९६१ रोजी फुटले तेव्हा पेठांतून वाहून गेलेल्या घरांची मोजदाद झाली, माणसांच्या मनाची करायला कोणाकडे साधनच नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर राज्यात मनाच्या जखमांवर उघड बोलणे सुरू झाले. पुढे १३ फेब्रुवारी २०१० चा जर्मन बेकरीतला स्फोट आणि ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यात डोंगराखाली गाडले गेलेले माळीण गाव, यांनी हा विषय पुण्याच्या दारात आणला.

आपत्तीनंतर काय करायचे याचा पहिला धडा म्हणजे मानसिक प्रथमोपचार. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्याची पुस्तिका काढली. पाहा, ऐका, जोडून द्या, एवढाच तिचा गाभा. वाचलेल्याला घडलेले सगळे लगेच सांगायला लावू नये, हे स्वयंसेवकांना आवर्जून शिकवावे लागते, कारण 'मोकळं होऊ दे, रडू दे' हा आपल्याकडचा सहज सल्ला आहे. एकाच बैठकीत सगळे उकरून काढल्याने फायदा होत नाही, असेच संशोधन सांगते. महिन्याहून अधिक काळ लक्षणे टिकली तर आघातकेंद्री वर्तनोपचार किंवा नेत्रगतीवर आधारित ईएमडीआर, आणि तेही त्याचे स्वतंत्र शिक्षण घेतलेल्याकडूनच.

रोजच्या कामात मात्र आघात भूकंपातून नव्हे, घरातून येतो. नवऱ्याची मारहाण, बालपणीचे लैंगिक अत्याचार, रस्त्यावरचा अपघात. व्यसनी स्त्रीच्या बाबतीत आधी व्यसन की आधी आघात हा प्रश्न सोडवत बसण्यापेक्षा आधी ती सुरक्षित आहे का ते पाहावे, आठवणींना नंतर हात घालावा, हा क्रम शिकवतात. यातच कायदाही येतो. मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 'तुझं सगळं गुप्त राहील' असे वचन सरसकट देणारा समुपदेशक म्हणूनच अडचणीत येतो.

पुण्यात या अंगाने काम करणाऱ्या संस्थांपैकी भार्गवी दवर यांनी १९९९ साली उभी केलेली बापू ट्रस्ट वेगळी पडते. वस्त्यांतल्या 'सेहेर' कार्यक्रमात तिने मनोविकाराचा अनुभव घेतलेल्यांच्या हक्काची भाषा आणली आणि कलेतून होणारे काम शिकवले. जगन्नाथ वाणी यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने घरच्यांच्या स्व-मदत गटांचे तंत्र रुजवले. विधी महाविद्यालयाच्या टेकडीखाली भारतीय विधी सोसायटीचे मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र आहे. तिथे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने मानसिक आरोग्य आणि मानवी हक्क यांची पदविका चालवली गेली. याच केंद्राच्या 'आत्मीयता' उपक्रमाने नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात गावातल्याच माणसांना साधे समुपदेशन शिकवले.

देखरेख

खरी उणीव सुपरव्हिजनची आहे. नवे काम करणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी अनुभवी माणसासमोर बसून आपल्या केसेस मांडायच्या, कुठे चुकले, कुठे स्वतःचाच राग आडवा आला हे तपासायचे, हा या व्यवसायाचा कणाच. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत ती सक्तीची असते. काही महिन्यांच्या समुपदेशन पदविकेत ती नावापुरती असते, आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत तर नसतेच. असे प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेली समुपदेशन केंद्रे शहरात ठिकठिकाणी दिसतात.

याचा दुसरा पैलू भाषेचा. अभ्यासक्रम इंग्रजीत, रुग्ण मराठीत. निदानाच्या यादीत 'उदास वाटते का' असते. समोरची बाई म्हणते, 'छातीत धडधडतंय, हातापायाला मुंग्या येतात, जीव नकोसा झालाय.' यातले शेवटचे वाक्य बोलायची पद्धत म्हणून आले की खरेच मरणाचा विचार आहे, हे सरळ विचारूनच कळते, आणि विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही हे विद्यार्थ्याला पुनःपुन्हा पटवावे लागते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची मुले राहतात, तिथे काम करणाऱ्यांना हा प्रश्न रोजचा आहे.

कायदा आणि नोंदणी

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही त्याच्या व्याख्येत येतात, त्यामुळे निवासी उपचार देणारी व्यसनमुक्ती केंद्रेही त्याच्या कक्षेत आली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोरुग्ण परिचारिका आणि मनोसामाजिक कार्यकर्ते यांची नोंद राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे होते. साध्या समुपदेशकाला त्या यादीत जागा नव्हती. ती २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने मिळाली. मात्र त्यासाठी किमान २००० तासांचे पदविका वा पदवी शिक्षण लागते, आणि वरच्या वर्गासाठी ३६०० तासांची पदवी. वॉर्डात वीस वर्षे काढलेला, दहावी नापास, व्यसनमुक्त कार्यकर्ता यातल्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. केंद्रे त्याला आजही ठेवतात, गटही तोच घेतो, आणि सही पदवीधर सहकाऱ्याची लागते.