भ्रष्टाचार आणि गुंतवणूक

उदयोन्मुख अर्थव्यवस्थेत परवाने, जमीन, वीजजोड आणि सरकारी कंत्राटे यांसाठी द्याव्या लागणाऱ्या लाचेचा भांडवलावर होणारा परिणाम. लाच हा एक करच, असे म्हटले जाते. पण कराचा दर छापील असतो आणि पावती मिळते. लाचेचा दर टेबलागणिक बदलतो आणि साहेबांची बदली झाली की आधी ठेवलेले ‘वजन’ पाण्यात जाते.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना काढणाऱ्याने ४० लाखांचे कर्ज १२ टक्क्यांनी उचलले, असे धरू. माग शेडमध्ये प्लास्टिक पांघरून उभे, पण एका ना-हरकत दाखल्यावर सही नाही. व्याज महिन्याला ४० हजार. ‘फाईल वर गेलीय’ हे तीन महिने ऐकले की १ लाख २० हजार गेले आणि टॉवेल एकही विणलेला नाही. हा हिशेब लाच मागणाऱ्यालाही पाठ असतो. आकडा त्यावरूनच ठरतो.

लाचेने कामाला गती येते, असेही काही अभ्यासकांनी मांडले. ते पटण्यासारखे नाही. भ्रष्टाचार रोखण्यासाठी केंद्राने नेमलेल्या संथानम समितीच्या १९६४ च्या अहवालातही ‘स्पीड मनी’चा, म्हणजे काम लवकर व्हावे म्हणून दिलेल्या लाचेचा, उल्लेख आहे, पण वेग विकायचा तर आधी काम अडवावे लागते. अर्थतज्ज्ञ पाओलो माउरो यांनी १९९५ मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा भ्रष्टाचार जास्त तिथे गुंतवणूक कमी, असेच दिसले.

मोठ्या भांडवलाची भीती वेगळी. २००८ मध्ये दिलेले टू-जी मोबाईल सेवेचे १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने वाटप मनमानी ठरवून २ फेब्रुवारी २०१२ रोजी रद्द केले. नॉर्वेच्या टेलेनॉर या दूरसंचार कंपनीने ज्या भारतीय कंपनीत पैसा घातला होता, तिचे परवानेही त्यात गेले. शिवाय अमेरिकेचा १९७७ चा लाचविरोधी कायदा परदेशी अधिकाऱ्यांना दिलेल्या लाचेला लागू होतो.

भारतात २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. भाग पाडले गेले असेल आणि सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवले, तर सूट. महाराष्ट्रात तक्रारीसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. सापळ्यात नोटांना फिनॉल्फ्थॅलीन पावडर लावतात आणि घेणाऱ्याची बोटे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गुलाबी होतात. मात्र तक्रारदाराची पुढची फाईल त्याच कार्यालयात जायची असते. म्हणून कित्येक कारखानदार माग वाढवण्याऐवजी पैसा प्लॉटमध्ये नाहीतर सोन्यात घालतात.