डॉल्फिन, फायबर आणि 'ओरिजिनल' या शब्दाचा गुंता

सिपानी डॉल्फिन म्हणजे बंगळुरूच्या सिपानी कंपनीची फायबरच्या बॉडीची छोटी गाडी. ती कुणाच्या परसात, गोठ्याशेजारी किंवा बंद पडलेल्या गॅरेजात सापडली की पहिला वाद ठरलेला, ओरिजिनल करायची का मॉडिफाय करायची. दोन्ही बाजूची माणसं मनापासून बोलतात आणि दोन्हीकडे तथ्य आहे. पण या गाडीच्या बाबतीत 'ओरिजिनल' म्हणजे नेमकं काय हेच आधी ठरत नाही, आणि ते का ठरत नाही हे कळायला गाडी आली कुठून आणि बनली कशी ते बघावं लागतं.

जुना भाग थोडक्यात. इंग्लंडात युद्धानंतर तीन चाकांच्या छोट्या गाड्या खपायच्या त्याचं कारण कायद्यात होतं. तीन चाकी गाडी ८ हंड्रेडवेट म्हणजे साधारण ४०६ किलोच्या आत ठेवली की मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवता यायची आणि टॅक्सही कमी. आता ४०६ किलोत अख्खी गाडी बसवायची तर पत्रा परवडत नाही, म्हणून टॅमवर्थच्या रिलायंटने १९५०च्या दशकातच आपल्या तीनचाकीची बॉडी फायबरग्लासची केली आणि १९६२ला पूर्ण ॲल्युमिनियमचं ५९८ सीसीचं इंजिन आणलं. तेच इंजिन वाढत वाढत १९७५ला ८४८ सीसी झालं आणि त्याच वर्षी चार चाकांची किटन आली. त्याच देशात तेव्हा घरी गाडी जुळवायचं वेडही जोरात होतं, कारण तयार गाडीवर खरेदी कर होता आणि सुट्या भागांच्या किटवर नव्हता. १९७३ला व्हॅट आला तेव्हा ती सवलत गेली. पण त्याआधी कितीतरी लोकांनी ऑस्टिन सेव्हन नाहीतर जुन्या फोर्डच्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, विकतची फायबरची बॉडी चढवून स्वतःची गाडी बनवली होती. म्हणजे फायबर आणि घरचं काम यांची जोडी पहिल्यापासूनची आहे, ती आपल्याकडच्या हौशी लोकांनी काढलेली नाही.

रिलायंटचा दुसरा धंदा होता तो जास्त महत्त्वाचा. ज्या देशाला वर्षाला लाखभर गाड्या बनवायच्या नाहीत त्याला पत्रा दाबून आकार देणारे प्रेस आणि डाय घेणं झेपत नाही, त्याला साचे आणि रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारं चिकट द्रव, पुरतं. इस्राएलची सब्रा, तुर्कस्तानची १९६६ची अनाडोल, या दोन्हींच्या मागे रिलायंटच होती. बंगळुरूची गोष्ट याच रांगेतली आहे.

बंगळुरूत सत्तरच्या दशकात आधी बादल आली. तीन चाकं, फायबरची बॉडी, मागे १९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. मग १९८२ला डॉल्फिन, ती म्हणजे रिलायंटची किटनच, दोन दारं, इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या जमान्यात ही गाडी वेगळीच दिसायची, पाचशे किलोच्या आसपास वजन आणि ४० बीएचपी, त्यामुळे पळायचीही छान. पण डिसेंबर १९८३ला मारुती आली, चार दारांची, पत्र्याची, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. डॉल्फिनला दोन दारं ठेवणं चूक होतं असं बरेच जण म्हणतात आणि मलाही ते पटतं, आपल्याकडे गाडी घेणारं घर म्हणजे आजी, आजोबा, दोन पोरं आणि डबे, आणि त्यातल्या निम्म्यांनी पुढची सीट पाडून वाकून मागे जायचं हे जमणारं नव्हतंच. १९८७ला सिपानीने चार दारांची मोंटाना काढली तोवर उशीर झाला होता. डॉल्फिन जगली ती रेस आणि रॅलीवाल्यांमुळे. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच्या रेसपासून रॅलीपर्यंत हलकी, मागून ढकलणारी गाडी म्हणून तिला मागणी होती. आता रेसला जाणारी गाडी कुणी जशीच्या तशी ठेवत नाही, चाकांच्या वरची कमान कापून रुंद केली, बॉनेटला भोक पाडलं, डिकीचं झाकण पातळ करून घेतलं, आणि फायबर असल्यामुळे हे सगळं करवत आणि रेझिनवर भागलं. त्यामुळे आज हाताला लागणारी डॉल्फिन कंपनीतून निघाली तशीच आहे हे गृहीत धरूच नये.

इथे बॉडी बनायची कशी ते सांगायला हवं, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे. साच्याला आधी वॅक्स, मग जेलकोट म्हणजे बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर, मग काचेच्या धाग्यांची मॅट, त्यावर ब्रशने रेझिन, रोलर फिरवून हवा काढायची, परत मॅट. हे सगळं हाताने. रोलर मारणारा माणूस त्या दिवशी कसा होता, उकाडा किती होता, रेझिन किती पातळ होतं, याप्रमाणे जाडी बदलायची. एकाच गाडीची दोन दारं तोलून बघा, वजन सारखं निघेलच असं नाही. पत्र्याच्या गाडीला डायमधून निघालेला एक नेमका आकार असतो आणि त्याच्याकडे परत जाता येतं. फायबरच्या गाडीला तसा एक आकार कारखान्यातही नव्हता.

आणि दुरुस्तीही त्याच सामानाने होते. तडा गेलेला भाग दोन्ही बाजूंनी उतरता घासायचा, मागून मॅटचे तीन-चार थर, नवीन रेझिन, वाळलं की घासून सपाट. नीट केलं तर तो तुकडा बॉडीचाच भाग होतो. कारखान्यात झालं तेच काम, फक्त चाळीस वर्षांनी. मी हे काम शिकलो ते गाडीवाल्याकडे नाही, मालवणकडे फायबरच्या होड्या करणाऱ्या एका काकांकडे. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी दरवाजा उलटा करून मागच्या बाजूवरून नुसता हात फिरवला आणि सांगितलं, हा इथे कुणीतरी आधी जोडलाय आणि घाईत जोडलाय. दिवा लावून बघितलं तर खरंच मॅटमध्ये हवेचे फुगे होते. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलेली दुसरी गोष्ट म्हणजे कोबाल्ट आणि हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करायला घालायची दोन रसायनं, कधीही थेट एकत्र ओतायचे नाहीत, स्फोट होतो, आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण घोळवायचं आणि मगच हार्डनर. घरी काम करणाऱ्या प्रत्येकाने हे भिंतीवर लिहून ठेवावं, आणि घासताना मास्क, ती भुकटी म्हणजे काचच आहे.

नव्वदच्या दशकात या गाड्यांचे खरे हाल झाले ते पत्र्याच्या सवयीमुळे. डेंटिंग-पेंटिंगवाल्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसले की तो लांबी (पुट्टी) भरून रंग मारून द्यायचा, वर्षभरात तडे परत वर यायचे कारण ते जेलकोटमध्ये असतात आणि तिथपर्यंत घासल्याशिवाय जात नाहीत. मग परत लांबी. काही गाड्यांवर लांबीचाच थर बोटभर झालेला मी खरवडलाय. दुसरं वायरिंग, पत्र्याच्या गाडीत बॉडीलाच अर्थिंग मिळतं, फायबरला करंट जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर लागते आणि ती कुणीतरी कापलेली असते, मग इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट मंद होते आणि मालक महिनाभर बॅटरी बदलत बसतो. आणि तिसरं चासी. वर बॉडी गंजत नाही म्हणून सगळे निर्धास्त, खाली लोखंडी चासी आतून कुजत असते, आणि बॉडीचे बोल्ट ज्या पट्ट्यांना लागतात त्याही. वेल्डिंग करायचं तर बॉडी उचलूनच, नाहीतर रेझिन पेटतं.

आता मुख्य गुंता, 'विंटेज' आणि 'मूळ स्वरूप'. हौशी लोकांत विंटेज शब्दाचे निदान तीन अर्थ फिरतात. इंग्लंडातल्या जुन्या परंपरेत विंटेज म्हणजे १९३०च्या अखेरपर्यंतची गाडी, त्यानंतरची कितीही सुंदर असली तरी नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर ऐतिहासिक गाडी म्हणायला ३० वर्षं पुरतात, पण तिथे शब्द 'विंटेज' नाही 'हिस्टॉरिक' आहे आणि लोक दोन्ही एकच समजतात. आपल्याकडे जुलै २०२१ला केंद्राचे नियम आले, त्यात विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खाजगी वापराची, दुचाकी किंवा चारचाकी. तशी नोंद झाली की नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए', नव्या नोंदणीला २० हजार, फेरनोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला चालवायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच.

वरवर बघता चांगला नियम आहे आणि जुन्या गाड्यांना कायद्यात जागा मिळाली हे मोठंच काम झालं, ते मान्य. पण नीट वाचा. दुचाकी आणि चारचाकी. बादल तीन चाकांची. म्हणजे आपल्या देशातल्या सुरुवातीच्या फायबर गाड्यांपैकी एक, पन्नाशीला पोचली तरी या व्याख्येत बसत नाही, फक्त एक चाक कमी म्हणून. १९८२ची डॉल्फिन पन्नाशीची होणार २०३२ला. आणि पुढची अट सगळ्यात अवघड, गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात बदल करून मोठं ओव्हरहॉल झालेलं नको.

पत्र्याच्या गाडीला ही अट कळते. फायबरच्या गाडीला बॉडीशेलमधला बदल कुठे सुरू होतो? मागून तीन थर मॅट टाकली तर तो बदल आहे का दुरुस्ती? तुटलेलं बॉनेट दुसऱ्या डॉल्फिनवरून साचा काढून नवीन बनवलं, तर तो नकली भाग झाला का कारखान्याच्याच पद्धतीने बनलेला भाग? माझं मत स्पष्ट आहे, साच्यातून हाताने काढलेला भाग हा या गाडीचा ओरिजिनलच भाग आहे, कारण ओरिजिनल म्हणजे इथे पद्धत, तुकडा नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणतात असं मानलं तर उद्या कुणीही साचा काढून अख्खी गाडी बनवेल आणि जुना नंबर लावेल. ही भीती खोटी नाही, इंग्लंडात असे वाद झालेत. पण त्यावर उपाय चासी आणि तिचा नंबर बघणं हा आहे, फायबरचा प्रत्येक थर संशयाने बघणं हा नाही.

इंजिनाच्या बाबतीत मात्र मी दुसऱ्या बाजूला आहे. डॉल्फिनमध्ये मारुती ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन-गिअरबॉक्स टाकायची कल्पना कायम निघते, कारण ते गाडीच्या लांबीत उभं बसतं, ड्राइव्ह मागे आहे, पार्ट कोपऱ्यावर मिळतात. मेकॅनिक म्हणून बघितलं तर कल्पना सुंदर आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातला तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याआधी बऱ्याच ठिकाणी आरटीओकडे अर्ज करून काम व्हायचं असं लोक सांगतात, त्यामुळे २०१९च्या आधीच्या गाड्या आणि नंतरच्या गाड्या असे दोन गट पडलेत. इलेक्ट्रिक करायची तरी मान्यता मिळालेलं किटच लागतं, घरी जुळवलेली मोटर चालत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी डॉल्फिनचं ते किटनवालं ८४८ सीसीचं इंजिन फेकण्यासारखं नाहीच. दोन माणसं हाताने उचलतात एवढं हलकं. बदनाम झालं ते पाण्यामुळे, ॲल्युमिनियमच्या इंजिनात लोकांनी बोअरचं पाणी ओतलं, आतून खात गेलं, लायनरच्या, म्हणजे पिस्टन फिरतो त्या नळीच्या, खालचं सील गेलं, हेड गॅसकेट उडालं आणि शिक्का बसला की हे इंजिन तापतंच. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट एवढ्यावर ते नीट चालतं. शिवाय हेच इंजिन रिलायंटच्या तीन चाकांच्या रॉबिनमध्ये पार नव्या शतकापर्यंत येत राहिलं, त्यामुळे इंग्लंडात पिस्टन, लायनर, गॅसकेट अजून मिळतात, कस्टम ड्युटी दुखते हे खरं, पण मिळतात. बुश, शाफ्ट, ब्रॅकेट असलं काम कोल्हापुरात उद्यमनगरात नमुना घेऊन गेलं तर लेथवर होऊन जातं.

गेल्या काही वर्षांत खर्चाची बाजू झपाट्याने बदलली. १५ वर्षांनंतर गाडीची नोंदणी नवी करायची फी एप्रिल २०२२पासून ६०० वरून ५ हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ला २० वर्षांवरच्या गाडीसाठी १० हजार. म्हणजे २०३२ला व्हीए मिळेपर्यंत डॉल्फिन कागदावर जिवंत ठेवायची तर साधी जुनी गाडी म्हणूनच ठेवायची आणि दर पाच वर्षांनी तिला फिटनेसला उभी करायची. त्यात आता पंपावर ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरची सीलं मऊ पडतात, ती आधीच बदलून घ्यावीत, फायबरच्या गाडीत पेट्रोल गळणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

एक करता येतं, काम करताना प्रत्येक टप्प्याचे फोटो. लांबी काढल्यावर, घासल्यावर, मॅटच्या प्रत्येक थरानंतर, बॉडी उचलल्यावर चासी नंबरचा जवळून. दाराच्या मागची बाजू रंगवू नका, ती तशीच ठेवा, २०३२ला तपासणाऱ्याला जुन्या मॅटचे धागे आणि नवीन मॅटचे धागे शेजारी शेजारी दिसायला हवेत.