जुन्या धाटणीचे दिवे: खानदेशी घरात उजेड कुठे असायचा

जळगाव-धुळ्याच्या दुकानांत ‘व्हिंटेज’ म्हणून जे दिवे मिळतात, त्यांतल्या बहुतेकांचा घाट युरोप-अमेरिकेतल्या जुन्या कारखान्यांवरून आणि गोदामांवरून घेतलेला असतो. काळे लोखंडी पाइप, जाळीच्या पिंजऱ्यातला पिवळा बल्ब, मोठी घमेल्यासारखी शेड. हे दिवे वाईट नाहीत. पण खानदेशातल्या घरालाही स्वतःची दिव्यांची परंपरा आहे आणि ती ठाऊक असली, तर कुठे काय लावायचे हे ठरवणे सोपे जाते. त्या परंपरेत दिवा खोलीसाठी नसे, कामासाठी असे. चुलीपाशी एक, जात्यापाशी एक, देवापाशी एक, ओसरीत एक. आज एकाच शोभिवंत दिव्याने सगळी बैठक उजळावी अशी अपेक्षा ठेवली की निराशा ठरलेलीच.

आधी तेलाचा काळ. कापसाच्या मुलखात वातीची कधी ददात नव्हती आणि तीळ, करडई, एरंडी ही तेलेही आसपासचीच. ही तेले दाट असतात, त्यामुळे वातीतून फार उंच चढत नाहीत. पणती, समई, निरांजन यांत ज्योत तेलाच्या अगदी काठाशी असते, ती याच कारणाने. ज्योत लहान, उजेड जेमतेम हातभर. म्हणून दिवा हाताच्या उंचीवर, भिंतीतल्या देवळीत, म्हणजे कोनाड्यात ठेवायचा. देवळीची पाठ आणि बाजू चुन्याने किंवा पांढऱ्या मातीने सारवलेल्या असल्या, तर तोच उजेड पुढे फेकला जाई. श्रावणात कानबाईच्या जागरणाला रात्रभर तेवणारा दिवाही असाच जमिनीलगत, माणसांच्या नजरेच्या खाली. वरून येणारा उजेड त्या घरांनी फारसा पाहिलाच नव्हता.

गढ्यांत आणि सावकारी वाड्यांत लामणदिवे आणि काचेच्या हंड्या होत्या. हंडीतल्या पेल्यात खाली पाणी, त्यावर तेल आणि तेलावर तरंगती वात असे. पाणी रंगीत केले की सणाची शोभा, आणि तेल संपले की वात पाण्याला टेकून विझायची, काच तडकायची नाही. आज हंडी विकत घेतली तर तिच्यात बल्बच लावा. कडांना बारीक तडे असलेली काच ज्योतीच्या उष्णतेने फुटते.

खरा बदल रॉकेलने केला. १८६०च्या दशकात रेल्वे खानदेशात आली, भुसावळ जंक्शन झाले आणि पुढे आयात रॉकेल पत्र्याच्या डब्यांतून गावोगाव जाऊ लागले. डबा चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा. रिकाम्या डब्याच्या पत्र्यातूनच चिमण्या, म्हणजे वातीचे लहान दिवे बनत. रॉकेल पातळ, ते वातीतून सहज वर चढते, म्हणून टाकी खाली आणि ज्योत बरीच वर ठेवता आली. त्यावर काच चढवली की खालून हवा ओढली जाते, ज्योत स्थिर होते आणि काजळी कमी धरते. कंदिलाचे सगळे रहस्य या ओढीत आहे. थंड हवेचा झोत ज्योतीला पुरवणाऱ्या कंदिलाचे पेटंट अमेरिकेत १८७०च्या दशकात घेतले गेले. बाजूच्या दोन पोकळ नळ्यांचा जो आकार आपण ‘कंदील’ म्हणून ओळखतो, तो तोच. महाराष्ट्रात पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला.

इथे एक इशारा, कारण हल्ली समईत किंवा पितळी दिव्यात रॉकेल घालण्याचे प्रयोग होतात. रॉकेल साधारण ३५ ते ४० अंशांपासूनच पेट घेण्याजोगी वाफ देते. तीळ किंवा एरंडीच्या तेलाला त्यासाठी दोनशेच्या वर तापावे लागते. मे महिन्यात खानदेशातला पारा ४५ गाठतो, तेव्हा उघड्या दिव्यातले रॉकेल आधीच त्या टप्प्यापलीकडे असते. समईत तेलच घालावे.

लग्नाच्या वरातीत मजुरांच्या डोक्यावरून चालणारी गॅसबत्ती ही याच रॉकेलची पुढची पायरी. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर याने १८८५ मध्ये मँटलचे, म्हणजे ज्योतीवर तळपणाऱ्या जाळीचे पेटंट घेतले. पुढे सुमारे ९९ टक्के थोरियम आणि एक टक्का सेरियम हे प्रमाण ठरले. कापडी जाळी पहिल्यांदा जाळली की उरते ती या ऑक्साइडांची राख. तीच पांढरीशुभ्र तळपते आणि बोटाच्या धक्क्यानेही ढासळते. जुनी गॅसबत्ती शोभेला घेणार असाल तर आत राहिलेला मँटल ओल्या फडक्याने उचला. थोरियम किरणोत्सारी आहे, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नका. टाकीला भोक पाडायचे असेल तर आधी ती साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि पाण्याने भरूनच पाडा, कारण रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते.

विजेने घराचा उजेड छताशी नेला. एडिसनचा कार्बन फिलामेंटचा बल्ब १८७९चा, टंगस्टनची लवचिक तार १९१०ची. पण खानदेशातल्या बहुतेक खेड्यांत दिवा पोचला तो १९६०मध्ये राज्य वीज मंडळ झाल्यावर, बऱ्याचदा विहिरीवरच्या मोटारींसाठी ओढलेल्या तारांबरोबर. खोलीत एकच पॉइंट परवडे, म्हणून तो मधोमध. सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली वायर, लाकडी गोल ब्लॉक, त्यावर काळा किंवा तपकिरी बेकेलाइटचा खटका, चिनी मातीचा फ्यूज. रात्री झिरोचा बल्ब, जो नावाला झिरो असूनही बारा-पंधरा वॅट खायचा. पुढे चार फुटी ट्यूब आली आणि सावल्याच गेल्या. भिंतीतल्या देवळ्या बुजवल्या गेल्या त्याच सुमारास, हे फार मोठे नुकसान झाले असे आमचे मत आहे.

जुन्या दिसणाऱ्या बल्बांची आजची लाट हॉटेलांतून घरात आली. कार्बन फिलामेंटची नक्कल करणारे हे बल्ब वॅटमागे जेमतेम तीन लुमेन (उजेडाचे माप) देतात. साधा टंगस्टनचा बल्ब बारा, एलईडी फिलामेंट शंभरच्या आसपास. म्हणजे ४० वॅटचे सहा नक्कल-बल्ब लावले तर २४० वॅट उष्णता, आणि उजेड एका साध्या ६० वॅटच्या बल्बाएवढाच. खानदेशी उन्हाळ्यात हे परवडत नाही. २००८च्या सुमारास जपानमध्ये आलेला एलईडी फिलामेंट हा त्यावरचा योग्य उपाय आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा. कंदिलाच्या ज्योतीचा रंग १९०० केल्विनच्या आसपास, जुन्या बल्बाचा २७००. देवळीत आणि देवघरात २००० ते २२००, जेवणाच्या जागी २७०० घ्या. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० लिहिलेले पाहा, नाहीतर सागवान आणि पितळ दोन्ही मळकट दिसतात. पिवळसर उजेडाकडे पावसाळ्यातले किडेही कमी येतात, शेताजवळच्या घरात हा फायदा लहान नाही.

देवळी उघडता आली तर उघडा. दोन वॅटचा बल्ब पुढच्या काठाआड लपवा, तोंड आतल्या चुन्याच्या भिंतीकडे. टांगता दिवा टेबलापासून ७० ते ८० सेंटिमीटरवर, आणि वावर असलेल्या जागी जमिनीपासून किमान सात फुटांवर ठेवा. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात कडी सऱ्यात (छताच्या आडव्या लाकडात) किंवा तुळईत बसवा. सऱ्यांवरच्या फळ्यांत खिळा धरत नाही. वायर धाब्याच्या मातीत पुरू नका. पावसात ओल झिरपते आणि सांधे गंजतात. जुन्या पद्धतीची, तुळईवरून उघडी नेलेली वायरच इथे बरोबर आहे.

साखळीने वजन पेलावे, वायरने नाही. पितळेत भोक पाडले की रबरी बुश घाला, नाहीतर धारेने वायरचे वेष्टण कापले जाते. कापडी वेष्टणाची वायर नवीच घ्या. जुनीतले रबर कडक होऊन तडकलेले असते. भारतीय होल्डर बहुतेक २२ मिलिमीटरचा पिनेचा, तर शोभेचे बल्ब बऱ्याचदा २७ मिलिमीटरच्या आट्यांचे. होल्डर बल्बाप्रमाणे बदला, अडॅप्टरवर बल्ब लांबतो आणि शेडबाहेर डोकावतो. पंख्याच्या रेग्युलेटरवर एलईडी लावला तर तो लुकलुकतो आणि लवकर जातो. डिमर हवा असेल तर बल्बावर तसे लिहिलेले असावे आणि डिमरही एलईडीचाच असावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसले तर बल्बातला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) हलका आहे, तो परत करा.

धातूच्या प्रत्येक दिव्याला तीन तारांची वायर आणि अर्थिंग लागते. जुन्या वाड्यांत पॉइंटपर्यंत दोनच तारा येतात, तेव्हा हिरवी तार मीटरपाशी असलेल्या अर्थिंगपासून वेगळी ओढून घ्या आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका) बसवा. दिवा टांगायच्या आधी वायरमनकडून त्याच्या पितळी अंगापासून अर्थच्या तारेपर्यंतची जोडणी मीटरवर तपासून घ्या. पॉलिशखालचे लॅकर वीज जाऊ देत नाही, म्हणून अर्थचा स्क्रू घासून उघड्या केलेल्या धातूवरच घट्ट बसवावा लागतो.