प्रोस्टेट नाही, शुगर नाही, मग रात्री लघवीला का उठता?

गोव्यात दुपारी आडवं होणाऱ्याला कोणी आजारी समजत नाही. फोंड्याच्या बाजारातली कितीतरी दुकानं जेवणवेळेला शटर ओढतात, ती थेट तिसऱ्या प्रहरी उघडतात. त्यामुळे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजाराची, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाची नेहमी सांगितली जाणारी खूण, दिवसाची पेंग, इथे सहज लपते. एवढंच बघा: सवयीच्या झोपेतून माणूस तरतरीत उठतो. हा आजार असेल, तर तासभर झोपूनही डोकं जड राहतं आणि संध्याकाळी बसमध्ये मान पुन्हा शेजाऱ्याच्या खांद्यावर.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित खूण म्हणजे रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं. साठीचा माणूस असला की घरचे प्रोस्टेट नाहीतर शुगर म्हणून मोकळे होतात. दोन्ही तपासावंच. पण रिपोर्ट नॉर्मल आले तर?

मग स्लीप अ‍ॅप्नियाचा विचार करा. या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट मिटते आणि श्वास निदान १० सेकंद थांबतो. छाती मात्र हवा ओढायला धडपडत असते. त्या ओढीनं हृदयाच्या उजव्या बाजूला जादा रक्त येतं, वरचा कप्पा ताणला जातो. अंगात पाणी वाढलंय अशी हृदयाची समजूत होते, ते एक हार्मोन सोडतं आणि मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. हृदयातल्या या द्रव्याचा परिणाम संशोधक अडोल्फो दे बोल्ड यांनी १९८१ मध्ये उंदरांवर दाखवला. योगायोग असा, की हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणाऱ्या सीपॅपचा पहिला अहवाल कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीहून त्याच वर्षी दिला. सीपॅप सुरू केल्यावर अनेकांचं हे रात्रीचं उठणं कमी होतं.

बायकांचं निदान तर हमखास मागे पडतं. झोप न लागणं, सकाळची डोकेदुखी, थकवा, चिडचिड, सगळं ‘पाळी जायचं वय’ या खात्यावर. खरं तर पाळी गेल्यावर या आजाराचा धोका वाढतोच. मुलं पेंगण्याऐवजी उलट चळवळी होतात. तोंड उघडं टाकून झोपत असतील तर टॉन्सिल, अ‍ॅडिनॉइड (नाकामागच्या गाठी) बघून घ्यावेत. आणि तीन-तीन गोळ्यांनी बीपी उतरत नसेल, तरी झोपेची चौकशी हवी.

झोप येत नाही म्हणून फेणीचा घोट घेऊ नका, घसा आणखी सैल पडतो. तपासणी रात्रभराची असते, काहींची घरीही होते. तासाला पाचच्या आत अडथळे नॉर्मल, तीस किंवा जास्त म्हणजे आजार तीव्र. डॉक्टरकडे जाताना शेजारी झोपणाऱ्यालाही न्या. श्वास किती वेळ थांबतो ते त्यानंच पाहिलेलं असतं.