दारे व खण (कोकणातील सुतारकाम)

कपाट, फडताळ किंवा टेबलाच्या सांगाड्यात बसणारे, रोज उघडमीट होणारे भाग. कोकण किनारपट्टीत सुताराचा कस सांध्यांपेक्षा फट किती ठेवायची यात अधिक लागतो.

लाकूड ओलावा घेऊन फुगते ते रुंदीत. लांबीत पडणारा फरक नगण्य. सागाची 400 मिमी रुंदीची सपाट चिरलेली फळी ओलाव्याचे प्रमाण 5 टक्क्यांनी वाढल्यास सुमारे 4 मिमी रुंदावते. म्हणून भरीव दार एकाच रुंद फळीचे करत नाहीत. उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट खाच आणि कूस (खाचेत बसणारे निमुळते टोक) पाडून जोडतात. तिच्या आतल्या कडेला 8-10 मिमी खोल खोबण काढून त्यात मधली फळी सैल सोडतात. या फळीला सरस लावायचा नाही. लावला तर पावसात सांधा उघडतो किंवा उन्हाळ्यात फळी तडकते. चौकट आवळताना दोन्ही कर्ण मोजून सारखे करतात, नाहीतर दार काटकोनात राहत नाही.

मे महिन्यात बसवलेल्या दाराला जास्त फट लागते, श्रावणात बसवलेल्याला कमी, कारण ते आधीच फुगलेले असते. गणपतीला आलेल्या चाकरमान्याला बंद घराचे कपाट खांद्याने रेटावे लागते आणि मग लगेच रंधा मारून घेण्याची घाई होते. ही घाई नडते: जानेवारीत त्याच दाराला बोटभर फट दिसते. दार पुरते वाळेपर्यंत थांबावे, हे बरे.

खणाच्या बाजूच्या फळ्यांचे रेषे लांबीकडे धावतात, त्यामुळे खण उंचीत फुगतो आणि वर घासतो. साहजिकच फट वरच्या बाजूला ठेवतात. ओढण्याचा जोर दर्शनी फळीवर येत असल्याने तिथे डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारख्या, टोकाकडे रुंदावणाऱ्या दातांचा) सांधा घालतात. तळाच्या फळीचे रेषे आडवे ठेवून ती मागून खोबणीत सरकवतात. फुगली तरी मागे सरकते. घासणाऱ्या कडांना मेणबत्ती चोळण्याचा उपाय आजही चालतो. बाजूला बसणारे टेलिस्कोपिक चॅनल (एकात एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) वापरायचे असेल तर प्रत्येक बाजूस सुमारे 13 मिमी जागा सोडतात, म्हणजे खण मोकळ्या जागेपेक्षा 26 मिमी अरुंद.

जुन्या घरांत सागाबरोबर फणसाचे लाकूडही सर्रास दिसते. अलीकडे प्लायवूडचे काम जास्त. ओलीच्या भिंतीलगत आयएस 710 (भारतीय मानक) प्रतीचे, पाण्याला टिकणारे मरीन प्लाय घेणे शहाणपणाचे. सनमायका दर्शनी बाजूलाच चिकटवला तर दार धनुष्यासारखे वाकते, मागेही तितकाच थर हवा.

खाऱ्या हवेत लोखंडी बिजागऱ्या लवकर गंजतात, म्हणून पितळी वापरतात. पितळी स्क्रू मऊ असतो, सागात थेट पिळला तर त्याची मान तुटते. आधी गिरमिटाने भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून काढतात आणि मग पितळी बसवतात.