गच्चीवरचा पाऊस विहिरीत

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर साडेसहा लाख लिटर! वाया जाणारं वजा करूनही सव्वापाच लाख हाती लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नासहून जास्त टँकर. मे महिन्यात टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या करणाऱ्या सोसायट्यांमधूनच हे पाणी थेट गटारात जातं, याचं फार वाईट वाटतं.

टाकीत साठवावं म्हटलं, तर आपला पाऊस एकदम कोसळतो. दिवसभरात १०० मिलिमीटर झाला की याच गच्चीवरून, वाया जाणारं सोडूनही, २४ हजार लिटर उतरतं. टाकी जूनमध्येच भरते, पुढचं सगळं वाहून जातं आणि उन्हाळ्यात ती कोरडी. एवढं पाणी मावेल अशी जागा एकच, पायाखालची जमीन.

मुंबईची जमीन बसाल्टची. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. शिवाय तिन्ही बाजूंना समुद्र. तरीही वाळकेश्वरला समुद्राला लागून असलेल्या बाणगंगेचं पाणी गोडं आहे आणि चर्चगेटजवळच्या १७२५ सालच्या भिका बेहराम विहिरीचंही. खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, त्यामुळे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. भूजलाची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असू शकतं. भेगाळ खडकात हे गणित तंतोतंत जुळत नाही, पण बोअरचा उपसा वाढला आणि भरणा झाला नाही की खारं पाणी वर सरकतं, हे खरं. किनाऱ्याजवळचं बोअर एकदा खारावलं की ते पुन्हा गोडं व्हायला वर्षं लागतात. म्हणून पावसाचं पाणी जिरवण्याला माझ्या लेखी टाकीपेक्षा जास्त मोल आहे.

आवारात जुनी विहीर असेल तर सोन्याहून पिवळं. विसाव्या शतकात मलेरियाच्या धास्तीने शहरातल्या कितीतरी विहिरी बुजवल्या गेल्या. उरलेल्या जाळी लावून, डास शिरणार नाहीत अशा झाकून वापरता येतात. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडायचं, कारण त्यात गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची विष्ठा असते. नंतरचं पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीत.

भराव टाकलेल्या सखल भागात मात्र पावसाळ्यात भूजल जमिनीलगत येतं, तिथे जिरवायला जागाच नसते. तिथे छोटी टाकी आणि फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन बरी. माणशी रोजच्या १३५ लिटरपैकी ४५ लिटर फ्लशसाठी धरतात. शंभर रहिवासी धरले तर पाऊस चालू असेपर्यंत रोज साडेचार हजार लिटर पिण्याजोगं पाणी वाचतं.

२००२ पासून मुंबईत मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. पण पाणी जिरवायला परवानगीपुरता खणलेला खड्डा दोन पावसाळ्यांत गाळाने बुजतो, आणि वर पेव्हर ब्लॉक बसले की तो कुठे होता हेही कोणाला आठवत नाही. मेमध्ये गाळणीतला वाळूचा वरचा थर काढून धुवायला एक माणूस आणि एक दिवस पुरतो. त्याच दिवशी बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजून नोटीस बोर्डावर लावावा, ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजावा. आकडा उतरला असेल तर पाणी मुरतं आहे.